बिनफोडणीचं वरण

नवरा भाजून भिंतीपलीकडं पडलाय आणि बायको पलंगावर मांडी ठोकून मटण-भाकरी खातेय, हे बघायला जयसिंगपूरहून दोन बायका मिरजेच्या त्या हॉस्पिटलात आल्या होत्या. विचारपूस करायला आल्या होत्या, असं आपलं म्हणायचं. तोंडाला मास्क होते, पण डोळे सगळे ऋतुजाच्या ताटावर.

"भूक लागती व्हय गं तुला?" एकीनं विचारलं.

"लागती की." ऋतुजानं हाडूक चोखून ताटाच्या कडेला ठेवलं आणि अजून अर्धी भाकरी घेतली.

"आमच्या घशाखाली तर पाणी उतरलं नसतं बाई," दुसरी म्हणाली. मग दोघी बाहेर पडल्या आणि दाराबाहेर जे काही बोलल्या, ते आत नीट ऐकू यावं अशा बेतानंच बोलल्या. धैर्यशील मरणाच्या दारात आणि हिचं तोंड चाललंय. अंगानंही कशी भरलीय बघितलंस का?

आता त्यांना कोण सांगणार, की तो घास ऋतुजाच्या पोटात जात होता, पण अंगी लागत होता धैर्यशीलच्या? आणि सांगितलं असतं तरी पटलं नसतं. बायकांच्या जातीनं सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं खायचं, आणि घरात दुखणं असेल तर तेही खायचं नाही, हे ज्यांच्या हाडात मुरलंय त्यांना यंत्र काय पटवणार! खुद्द ऋतुजाला पहिले दोन दिवस घास गिळताना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

खराड्यांची चुरमुऱ्यांची भट्टी होती. बापजाद्यांच्या वेळी ती भुश्श्यावर चालायची, धैर्यशीलनं ती गॅसवर आणली होती. त्या दिवशी शाळेला सुट्टी म्हणून शिवन्या बापामागं भट्टीवर गेली. फ्रॉकच्या ओच्यात गरमागरम चुरमुरे घेऊन बसायचं हा तिचा सुट्टीचा ठरलेला उद्योग. टाकीची जोडणी कुठं सैल झाली कुणास ठाऊक, एकदम भडका उडाला. धैर्यशील बाहेर होता तो आत गेला आणि पोरीला छातीखाली घेऊन बाहेर आला. त्याची पाठ, दोन्ही दंड, मांड्या, सगळं भाजून निघालं. पोरीचे नुसते हात पोळले होते. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. आतला धूर तिच्या छातीत किती गेलाय, हे तेव्हा कुणालाच दिसलं नाही.

डॉक्टर उपाध्ये म्हणजे त्या वॉर्डातल्या आहाराच्या डॉक्टर. बारीक अंगाच्या, चष्मा सारखा नाकावर घसरणाऱ्या बाई. त्यांनी ऋतुजाला, तिच्या सासूला आणि दिराला समोर बसवून सगळं समजावलं होतं.

"भाजलेल्या माणसाला जखम मारते, तेवढीच भूकही मारते. कातडी गेली की अंगातली ऊब आणि पाणी बाहेर पडत राहतं, आणि शरीर घाबरून दुप्पट वेगानं जळायला लागतं. तुमची भट्टी होती ना? समजा, भट्टीचं दार उघडं राहिलंय आणि जाळ काही कमी होत नाही. भुस्सा संपला की काय करेल?"

"विझंल," सासूबाई म्हणाल्या.

"ही विझत नाही. ही छपराचे वासे ओढून जाळते. माणसाचे वासे म्हणजे मांस. आधी हातापायाचं, मग छातीचं, मग हृदयाचं. आम्ही नाकातल्या नळीतून कितीही पातळ अन्न घातलं तरी आतडी झोपलेली असतात. शिरेतून साखर-प्रथिनं दिली, तर ती नुसती येऊन पडतात. त्यांचं काय करायचं, हा हुकूम शरीराला मिळत नाही."

तो हुकूमच मोठी गोष्ट होती. धडधाकट माणूस पोटभर जेवला, की त्याचं आतडं, यकृत, पोटातले जिवाणू असे सगळे मिळून रक्तात शेकडो बारीक निरोप सोडतात: अन्न आलंय, मोडतोड थांबवा, बांधकामाला लागा. हे निरोप कुठल्याही कारखान्याला बाटलीत भरता आले नव्हते. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की बाटली हवी कशाला? जेवणारा माणूसच जोडावा. दोन माणसांचं रक्त एका चाळणीच्या दोन अंगांनी खेळवायचं. चाळणी इतकी बारीक, की रक्तपेशी इकडच्या इकडं आणि तिकडच्या तिकडं राहतात, म्हणून रक्तगट जुळायची भानगड नाही. साखर, प्रथिनांचे तुकडे आणि ते बारीक निरोप तेवढे पलीकडं जातात. यंत्राचं सरकारी नाव सहपोषण यंत्र. हॉस्पिटलातली माणसं त्या वॉर्डाला पंगत म्हणत.

एक अट होती. रक्ताचं नातं लागत नव्हतं, पण एका चुलीचं लागत होतं. वर्षानुवर्षं एकाच घरचं जेवलेल्यांच्या पोटातले जिवाणू सारखे झालेले असतात, त्यांचेच निरोप एकमेकांना कळतात. धाकटा दीर विक्रांत कित्येक वर्षं पुण्यात होता, आता भट्टीसाठी परत आला होता. सासूबाईंना मधुमेह. राहिली ऋतुजा.

"आणि दुसरी अट जास्त अवघड आहे," उपाध्ये मॅडम चष्मा वर सारत म्हणाल्या. "निरोप सगळेच जातात. तुम्ही घाबरलात, धक्का बसला, ऊर फुटून रडलात, तर त्याचाही रस रक्तात उतरतो. कॉर्टिसॉल म्हणतात त्याला. तो शरीराला नेमकं उलटं सांगतो, की संकट आहे, वासे ओढा, जाळा. तुमच्यासारख्या धडधाकट बाईला ते सोसतं. त्यांना नाही सोसणार."

यंत्राच्या पडद्यावर एक पट्टी होती. हिरवी असली की ठीक. पिवळी म्हणजे सांभाळा. लाल झाली की यंत्र आपणहून झडप बंद करी, आणि बंद चाळणीवर रक्त साखळे. नवी चाळणी जोडायची तर जेवढं रक्त हलवावं लागतं, तेवढं हलवणं धैर्यशीलच्या हृदयाला झेपणार नव्हतं. झोपेचं औषध देऊन ऋतुजाला शांत ठेवावं, तर ते औषधही चाळणीतून पलीकडं जाणार. म्हणजे तिनं जेवायचं, झोपायचं आणि खुशीत राहायचं. नवरा असा पडलेला असताना खुशीत राहायचं! याहून मोठी शिक्षा कुणाला सुचली नसती.

ऋतुजा दिराकडं वळून म्हणाली, "भावजी, हे उठून बसेपर्यंत, काहीबी झालं तरी मला सांगायचं न्हाई. शपथ हाय माझी."

हे तिचं तिनंच मागून घेतलं होतं.

शिवन्याला श्वास लागायला लागला म्हणून त्याच संध्याकाळी तिला कोल्हापूरला मुलांच्या दवाखान्यात हलवलं. ऋतुजाची आई तिच्याबरोबर गेली. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना दोन्ही हातांना बोळ्यासारखी बँडेज बांधलेली पोर म्हणाली, "आई, तू येणार न्हाईस?"

"पप्पांसाठी जेवायचंय मला."

"हे कसलं काम!" शिवन्या खुदकन हसली आणि हसता हसता खोकली.

ते हसणं ऋतुजानं जपून ठेवलं होतं. गळ्याच्या हाडाखाली नळ्या जोडल्या, त्या भिंतीतून पलीकडं गेल्या, आणि काही तासांत तिच्या अंगात नवऱ्याची भूक उतरली. भूक कसली, आग ती. अंडी, दूध, केळी, शेंगदाण्याचे लाडू हॉस्पिटल देई. दुपारचा डबा मात्र घरच्या चुलीवरचाच हवा, जिवाणूंना ओळखीचा. तो सासूबाई करत आणि विक्रांत मोटरसायकलवरून आणी. सासूबाईंना ती आत्या म्हणे. आत्या तिच्यासमोर बसून वाढत. लग्न झाल्यापासून ऋतुजानं त्यांना वाढलं होतं, आता उलटं झालं. पहिल्या दिवशी दोघींनाही कसंनुसं झालं, मग सवय झाली.

रोज संध्याकाळी फोनवर शिवन्या परीक्षा घेई. "आज काय खाल्लंस?"

"चार अंडी."

"बास? पप्पा बारीक होतील ना! आणि?"

"मटण, दोन भाकरी, लाडू..."

"घास मोठा घेतीस का उंदरासारखा?"

"मोठा घेतीया गं बाई."

"मग शाब्बास."

पलीकडं धैर्यशीलचे दंड भरत नव्हते, पण झिजायचे थांबले होते. पाठीवर लावलेली कातडी धरायला लागली होती. उपाध्ये मॅडम सहसा हसत नसत, त्याही एकदा हसल्या.

मग शिवन्याचा फोन बंद झाला. "घशात नळी घातलीय, बोलता येत न्हाई तिला. बरी हाय," आत्या म्हणाल्या. ऋतुजानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं, आणि मग बघायचं सोडून दिलं. पट्टी क्षणभर पिवळी झाली आणि परत हिरवी झाली. नळी म्हणजे काय, यांनाही नळीच आहे की, असं तिनं स्वतःला बजावलं.

त्यानंतरच्या सोमवारी विक्रांतनं डबा आणला. आत्या आल्या नव्हत्या, अंगात कणकण आहे म्हणे. विक्रांत डबा ठेवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला, पाठमोरा.

ऋतुजानं डबा उघडला. भाकरी होती, भात होता, ठेचा होता, वरण होतं. भाकरी आत्यांच्या हातची नव्हती, कडा जाड होत्या. चुलत जाऊ कल्पनाताई अशी थापते. आत्या आजारी, म्हणून कल्पनाताईंनी केलं असेल. त्यात काय! तिनं भातावर वरण ओतलं, कालवलं आणि घास तोंडात घातला.

वरणाला फोडणी नव्हती.

मीठ होतं. डाळ शिजलेली होती. पण लसूण नाही, मोहरी नाही, जिरं नाही, हिंगाचा वास नाही. कल्पनाताई म्हणजे फोडणीची बाई. तिच्या घरची फोडणी गल्लीच्या तोंडापर्यंत शिंकवायची. ती विसरेल? ती विसरत नाही. खराड्यांच्या अख्ख्या भावकीत फोडणी एकाच वेळी बंद असते. माणूस गेलं की. घरची चूल पेटत नाही, भावकीतनं जेवण येतं, आणि सुतक फिटेपर्यंत भावकीत कुणीच तेल तापवत नाही. कल्पनाताईला सगळ्यांनी पढवून ठेवलं असणार, की रोजच्यासारखा डबा कर, तिला काही कळता कामा नये. तिनं केलाही. पण हाताला कोण पढवणार?

कोण गेलं?

आत्या काल समोर बसून वाढून गेल्या. विक्रांत खिडकीपाशी उभा आहे. ते भिंतीपलीकडं आहेत, नळ्या चालू आहेत.

घरात माणसं होती तरी किती!

कानात घूं आवाज सुरू झाला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला पट्टी दिसत होती. हिरवीची पिवळी झाली होती आणि पिवळ्यावर तांबूसपणा चढायला लागला होता. यंत्र बारीक आवाजात वाजू लागलं. विक्रांत गर्रकन वळला.

"वहिनी? काय झालं?"

ह्याच्या डोळ्यांत बघितलं की संपलं. ऋतुजानं मान खाली घातली. ताटात भात होता. पलीकडं ज्या माणसानं आपली पाठ जाळून पोरीला बाहेर आणलं होतं, तो आता तिच्या गिळण्यावर जगत होता. पोर गेली. माझी पोर गेली आणि मी तिच्याजवळ नव्हते, मी इथं लाडू खात होते. ती मनात हे म्हणाली, अगदी स्पष्ट म्हणाली. आणि मग कानाशी आवाज आला, खोकता खोकता हसणारा: घास मोठा घेतीस का उंदरासारखा?

तिनं मोठा घास घेतला.

"ठेचा लागला," ती भरल्या तोंडानं म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कल्पनाताईनं केलाय न्हवं? मिरची मोजत न्हाई बया. पाणी द्या, भावजी."

विक्रांतनं पाणी दिलं. तिनं पेला घेतला, पाणी प्याली, आणखी घास घेतला. चावायचं, गिळायचं. चावायचं, गिळायचं. दुसरा कसलाच विचार करायचा नाही. उपाध्ये मॅडम धावत आल्या. त्यांनी पडद्याकडं बघितलं, ताटाकडं बघितलं. ताटातल्या ठेच्याला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. मॅडमना ते दिसलं का नाही, देव जाणे. त्या तिच्या पाठीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. वाजणं थांबलं. पट्टी बराच वेळ पिवळी राहिली.

"अजून भात हाय का?" ऋतुजानं विचारलं.

त्यानंतर सुरू झालं ते नाटक. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी झालं असतं, पण बघणारं होतंच कोण? सगळेच नाटकातले. आत्या परत यायला लागल्या. डोळे सुजलेले, वर हसू ओढून आणलेलं. ऋतुजाला रोज विचारावं लागे, "शिवू कशी हाय?" न विचारून चालणार नव्हतं. न विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं, की हिला कळलंय. मग आत्या सांगत, "आज पेज प्याली गं दोन चमचे." कधी सांगत, "नर्सबाईसंगट चित्रं काढत हुती." त्या बोळ्यासारख्या हातांनी? ऋतुजा "व्हय?" म्हणे आणि भाकरी मोडे. आत्यांना वाटे, आपण सुनेला सांभाळतोय. सुनेला वाटे, आपण आत्यांना सांभाळतोय. आणि दोघी मिळून भिंतीपलीकडच्याला सांभाळत होत्या. नाही म्हणायला ऋतुजाला आत्यांचा रागही येई, भयंकर राग. मला न विचारता माझ्या लेकराला नेलं, पोचवलं, मला तोंडसुद्धा दाखवलं नाही! मग तिला आठवे, शपथ तिनंच घातली होती. राग कुठं ठेवायचा ते कळत नसे. तोही घासाबरोबर गिळावा लागे.

बिनफोडणीचं वरण रोज येत राहिलं. ऋतुजा ते संपवत राहिली. आणि एके दुपारी डबा उघडला आणि लसणाच्या खमंग फोडणीचा वास खोलीभर पसरला. आत्यांच्या हातची फोडणी, कडीपत्ता टाकलेली. म्हणजे सुतक फिटलं. सगळे विधी उरकले. तिच्या पोरीचं या घरात आता काही करायचं राहिलं नव्हतं.

त्या दिवशीचं जेवण सगळ्यात अवघड गेलं. तरी पट्टी पिवळीच्या पुढं गेली नाही. मॅडम म्हणाल्या, "तुमच्यासारखी माणसं मी बघितली नाहीत हो." म्हणताना त्यांनी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसत बसल्या.

धैर्यशीलच्या घशातली नळी काढली तेव्हा अंगणात कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं. सकाळची वेळ होती. मधल्या भिंतीला एक काच होती, तिचा पडदा पहिल्यांदाच बाजूला केला. ऋतुजानं नवऱ्याला बघितलं. चेहरा ओळखू येत होता. दंडावर मांस होतं. तिचं मांस, तिनं चावून, गिळून तिकडं पाठवलेलं. बोलण्यासाठी मध्ये छोटा माईक होता.

"अजून जोड चालू आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. "आणखी काही दिवस लागेल. त्यांचं हृदय अजून..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

धैर्यशीलचे ओठ हलले. आवाज फाटका येत होता. "ऋतू."

"व्हय. मी हाय हितं."

तो थांबला, श्वास गोळा केला. आणि ज्याची सगळ्यांना धास्ती होती तेच त्यानं विचारलं. "शिवू?"

आत्यांच्या हातातलं वाढायचं भांडं जागच्या जागी थांबलं. विक्रांतनं भिंतीकडं तोंड फिरवलं. सांगायचं कुणी, आणि काय?

"कोल्हापुरात हाय, माझ्या आईजवळ," ऋतुजा म्हणाली. आवाज रोजचाच, धुणं वाळत घालताना बोलावं तसा. "हात बरं झालं तिचं. नर्सबाईसंगट चित्रं काढती. रोज विचारती, पप्पा बारीक झालं का म्हणून. तुम्ही झोपा आता. जास्ती बोलू नगा."

धैर्यशीलच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. पोर वाचली, आपण वाचवली. त्यानं डोळे मिटले. यंत्राच्या दोन्हीकडच्या पट्ट्या हिरव्या होत्या. आज ना उद्या त्याला खरं सांगावं लागणार होतं, आणि ते तिलाच सांगावं लागणार होतं. तेव्हा तो तिला काय म्हणेल, माफ करील का, हे तिला माहीत नव्हतं. परिचारिकेनं पडदा ओढला.

आत्या सुनेकडं बघत राहिल्या होत्या. चित्रांची थाप त्यांची स्वतःची होती, पण ती इतक्या सहज दुसऱ्याच्या तोंडून यावी? पोर खरंच बरी आहे असं मानणारी आई एवढ्या दिवसांत एकदाही "फोन लावून द्या" म्हणाली नव्हती, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"ऋतू," त्या कशाबशा म्हणाल्या. "तुला..."

"त्या सोमवारी वरणाला फोडणी नव्हती, आत्या."

आत्या पलंगाच्या कडेवर बसल्या. तोंडावर पदर दाबला, तरी हुंदका बाहेर आलाच. ऋतुजानं त्यांचा हात धरला. "रडू नगा. तुम्ही रडला की मला येतंय, आणि मला अजून यायला नगो."

पट्टी पिवळी झाली.

आत्यांनी डोळे पुसले. ताट पुढ्यात ओढलं, भातावर वरण घातलं, तूप घातलं, आणि सावकाश कालवलं. माणूस गेलेल्या घरात भावकीतलं कुणीतरी वडीलधारं पहिला घास भरवतं. त्याला कडू घास म्हणतात. तो भरवल्याशिवाय घरच्यांनी जेवायचं नसतं. ऋतुजाला तो कुणी भरवलाच नव्हता, आणि तरी ती इतके दिवस जेवत होती. आत्यांनी घास वळला आणि तिच्या ओठांशी नेला.

ऋतुजानं तोंड उघडलं. घास कडू नव्हता. त्याला तुपाची, लसणाची, रोजच्या घरच्या फोडणीची चव होती, आणि तीच तिला सोसेना. भिंतीपलीकडून यंत्राची बारीक घरघर येत होती.

तिनं तो गिळला.